केंदाळ टनावर मोजू नका

तलावातलं किंवा नाल्यातलं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, काढायचं काम निघालं की त्याचं मोजमाप टनांत होतं, नाहीतर ट्रकच्या फेऱ्यांत, नाहीतर जेसीबीच्या तासांत. किती काढलं ते सगळे मोजतात, किती उरलं ते कुणी मोजत नाही. बेळगाव शहर असो, खानापूर-निपाणीकडची तळी असोत की चिकोडी-अथणीकडची कृष्णा, जलपर्णीवरचा खर्च दरवर्षी नव्याने करावा लागतो त्याचं निम्मं कारण या मोजमापात आहे. उरलेलं निम्मं गटारात आहे, त्याकडे पुढे येऊ.

आधी टनांचा हिशेब. दाट माजलेल्या जलपर्णीचं ओलं वजन हेक्टरी अडीचशे टनांच्या घरात सहज जातं. दहा एकरांचा, म्हणजे चार हेक्टरांचा तलाव पुरता झाकला असेल तर हजार टन. दहा टनी टिपरच्या शंभर फेऱ्या. या झाडात साधारण ९५ टक्के पाणीच असतं. म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णव फेऱ्या डिझेल जाळून तलावातलं पाणी दुसरीकडे नेऊन टाकण्याच्या. तेच केंदाळ काठापासून थोडं लांब, उन्हात आठ-दहा दिवस पातळ पसरलं तर वजन कुठच्या कुठे उतरतं. पण पैसे टनावर मिळणार असतील तर वाळवत कोण बसेल?

दुसरी गोष्ट याहून वाईट. टनावर पैसे मिळतात तेव्हा दाट केंदाळ किफायतशीर असतं आणि विरळ केंदाळ तोट्याचं. तलावाच्या मध्यावरची गादी यंत्राने भराभर ओढता येते. पुलाच्या मोरीखाली, बेशरमीच्या झुडपांत, यंत्राचं तळ टेकतं अशा उथळ काठावर जे उरतं ते माणसाने हातानेच काढावं लागतं, दिवसाला वजन थोडं भरतं, आणि नेमकं तेच सुटतं. चारशे गुंठ्यांच्या तलावात चार गुंठे राहिले, म्हणजे फक्त एक टक्का, तर फोटोत तलाव स्वच्छ दिसतो. ऊन आणि सांडपाणी भरपूर असलेल्या आपल्या पाण्यात जलपर्णी बारा दिवसांत दुप्पट होते असं धरू. हा वेग फार जास्त धरलेला नाही. चाराचे आठ, आठाचे सोळा, मग बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन्न. सातवी दुप्पट पुरी व्हायच्या आत तलाव भरतो. साधारण ऐंशी दिवस. शेवटी दाटी झाल्यावर वेग मंदावतो हे खरं, पण त्याने फरक पडतो तो महिन्याभराचा. हजार टनांचं बिल निघतं आणि पुढचं हजार टन तयार व्हायला लागतं.

परक्या वनस्पतीशी झुंजताना शेवटचा एक टक्काच सगळं ठरवतो, हे जगाला समुद्रात कळलं. बेळगावहून समुद्र घाट उतरून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, तोही उष्ण कटिबंधातला. इथे ज्या किनाऱ्यांची गोष्ट आहे ते त्याहून फार थंड. भूमध्य समुद्र, कॅलिफोर्निया, इंग्लंडचा दक्षिण किनारा, टास्मानिया, न्यूझीलंड. तिथल्या समुद्रतळांवर परकी समुद्रशैवालं पसरली, त्यांना काढायचे प्रयत्न झाले, आणि कुठे काय जमलं, काय फसलं हे नीट लिहून ठेवलं गेलं. शैवाल आणि जलपर्णी यांचं नातं लांबचं. एकीला फूल, बी, मूळ सगळं आहे, दुसऱ्याला यातलं काही नाही. पण तुकड्यापासून वाढणं, नजरेआड टिकून राहणं आणि मोकळी जागा दिसली की शिरणं या तीन बाबतींत दोघं एकाच तालमीतली.

कॉलेर्पा टॅक्सिफोलिया हे हिरवंगार, पिसासारखं शैवाल मत्स्यालयांत शोभेसाठी ठेवत. १९८४ साली मोनॅकोच्या समुद्रशास्त्र संग्रहालयाच्या खाली, समुद्रात त्याचा एक ठिगळ दिसला. आकार एक चौरस मीटर. पाच वर्षांत तो हेक्टरभर झाला. हे कुठून आलं, जबाबदारी कुणाची, ते थंडीत आपोआप मरेल का, यावर वाद रंगत राहिले आणि पुढच्या दशकात शैवाल हजारो हेक्टरांच्या टापूत पसरलं. एक चौरस मीटर म्हणजे एका माणसाचं एका दुपारचं काम होतं.

तेच शैवाल जून २००० मध्ये कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोच्या उत्तरेला आगुआ हेडिओंडा या खाजणात सापडलं. सागरी गवताची पाहणी करणाऱ्या पाणबुड्यांना ते दिसलं आणि १७ दिवसांत उपाय सुरू झाला. ठिगळावर काळी ताडपत्री अंथरायची, कडा वाळूच्या पोत्यांनी दाबून बंद करायच्या आणि आत क्लोरीन सोडायचं. उपटायचं नाही, कारण उपटताना तुटलेला प्रत्येक बारीक तुकडा दुसरीकडे रुजतो. पुढची सहा वर्षं पाणबुडे पुन्हा पुन्हा तळ चाळत राहिले आणि २००६ मध्ये ते पाणी कॉलेर्पामुक्त जाहीर झालं. खर्च सत्तर लाख डॉलरच्या आसपास. त्यात शैवाल दिसेनासं झाल्यानंतरच्या शोधाचाही खर्च आला. आपल्या निविदांत या कामाला ओळच नसते.

उलट उदाहरण इंग्लंडचं. १९७३ साली आइल ऑफ वाइटच्या बेंब्रिज किनाऱ्यावर जपानी सरगॅसम सापडलं. कालवांच्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांच्या, बीजाबरोबर युरोपात आलं असं मानतात. स्वयंसेवकांनी ते हातांनी उपटलं, मग यंत्रं लावली, तणनाशकंही करून पाहिली. या शैवालाला हवेच्या बारीक पिशव्या असतात. तुटलेली फांदी बुडत नाही, तरंगत जाते आणि वाटेत प्रजननही करते. टनावारी माल निघाला आणि शैवाल पुढे सरकत राहिलं. शेवटी मोहीम सोडून दिली. जलपर्णीच्या देठातला फुगीर भोपळा हेच काम करतो. जेसीबीच्या दातांत तुटून पडलेलं रोप बुडत नाही; वारा त्याला पलीकडच्या काठाला लावतो.

टास्मानियात १९८८ मध्ये उंडारिया आढळलं. जपानी जेवणात वाकामे म्हणून खातात तेच. टिंडरबॉक्सच्या संरक्षित क्षेत्रात ८०० चौरस मीटरचा टापू ठरवून दर महिन्याला, अडीच वर्षं, दिसेल ते प्रत्येक रोप काढलं गेलं. मोठ्या रोपांची संख्या खूप घटली, पण उंडारिया संपलं नाही. कारण त्याचं अर्धं आयुष्य डोळ्यांना दिसतच नाही. मोठं रोप वर्षभरही जगत नाही, पण बुडाशी असलेल्या झालरीतून लक्षावधी बीजाणू सोडतं. त्यांपासून होणारी सूक्ष्म पिढी खडकाच्या भेगांत महिनोन्‌महिने टिकते आणि पाणी थंड झालं की नवी रोपं उभी राहतात. न्यूझीलंडच्या चॅटम बेटांजवळ २००० साली बुडालेल्या एका मासेमारी जहाजावर हे शैवाल होतं. तिथे मोठी रोपं काढून भागणार नाही हे ओळखून जहाजाच्या सांगाड्यावर लोहचुंबकाने प्लायवूडच्या पेट्या बसवल्या, आतलं पाणी विजेने तापवलं, आणि पेटी पोचत नव्हती तिथे ज्योतीने भाजलं. तिथे ते संपलं. शत्रूची न दिसणारी अवस्था कुठे आहे हे आधी शोधलं म्हणून.

जलपर्णीची न दिसणारी अवस्था म्हणजे चिखलातलं बी. फूल उमलून गेलं की त्याचा दांडा खाली वाकतो, बोंड पाण्यात पिकतं आणि मिलिमीटरभर आकाराचं बी तळाशी बसतं. ते चिखलात पंधरा-वीस वर्षंही रुजण्याजोगं राहतं. खोल पाण्याखाली ते झोपून असतं. उन्हाळ्यात पाणी ओसरून काठ उघडा पडला, उजेड आणि ऊब मिळाली की उगवतं. आपल्याकडे वळवाचे एक-दोन पाऊस झाले की एप्रिल-मेमध्ये तलावाच्या ओल्या चिखलावर ही रोपं शोधावीत. ती जलपर्णीसारखी दिसत नाहीत. पहिली पानं अरुंद, पट्टीसारखी, गवताची वाटतील अशी; देठ फुगलेला नसतो आणि मुळं चिखलात घट्ट असतात. नंतर पानाचं पातं चमच्यासारखं गोल होत जातं. मृगाचं पाणी चढलं की रोप चिखलातून सुटतं आणि तरंगू लागतं. वळीव आणि मृग यांमधले तीन-चार आठवडे खुरपं घेतलेली चार माणसं जे करू शकतात, ते ऑक्टोबरात लाखो रुपयांचं यंत्र करू शकत नाही. आणि आपल्याकडे काम निघतं ते एकतर मार्चअखेरच्या बिलांसाठी, नाहीतर गणपतीच्या तोंडावर, भर पाण्यात, गादी पूर्ण माजल्यावर!

टास्मानियाचं आणखी एक संशोधन इथे महत्त्वाचं आहे, कारण ते गटाराकडे घेऊन जातं. तिथल्या निरोगी खडकांवर स्थानिक शैवालांचं दाट छत्र असतं. छत्र शाबूत आहे तिथे उंडारिया नावापुरतं उगवतं. वादळाने, समुद्री साळिंदरांनी किंवा प्रयोगासाठी माणसाने ते छत्र काढलं, की उंडारिया त्या मोकळ्या जागेत दाटीने येतं. म्हणजे ते स्वतः दार फोडत नाही. पण याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते: काही ठिकाणी उंडारिया काढूनही स्थानिक शैवाल परतलं नाही, कारण मधल्या काळात खडकावर गाळाचा थर बसला होता आणि त्यावर कुणाला धरच मिळेना. तण काढणं आणि जागा पूर्ववत करणं ही दोन वेगळी कामं आहेत.

आपल्या तळ्यांत असं छत्र नसतं. कमळ, शिंगाडा, लव्हाळे असले तरी जलपर्णीला ते अडवू शकत नाहीत. इथे तिला अडवतं ते पाण्याचं दारिद्र्य: नत्र आणि स्फुरद कमी असलेल्या पाण्यात ती खुरटते, पिवळी पडते, मुळं लांबच लांब सोडते, पण माजत नाही. हे दारिद्र्य आपणच संपवलं. एका माणसामागे दिवसाला सांडपाण्यात सुमारे १० ग्रॅम नत्र जातं. चार हजार वस्तीचं म्हणजे रोज ४० किलो. आता मघाचं हजार टन केंदाळ घ्या. वाळून ५० टन उरेल, त्यात दोन टक्के नत्र धरलं तर हजार किलो. म्हणजे चार हेक्टर तलाव पुरता झाकायला लागणारं नत्र चार हजार माणसांची गटारं चार आठवड्यांत पुरवतात. हिशेब ढोबळ आहे, काही नत्र हवेत निघून जातं, काही गाळात बसतं. तरी प्रमाण कळतं. एका बाजूने महिन्याला तलावभर खत ओतायचं आणि दुसऱ्या बाजूने वर्षातून एकदा पीक काढायचं, असा हा उद्योग आहे.

बेळगावच्या बळ्ळारी नाल्यात हे सगळं एकत्र पाहायला मिळतं. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारातून जाणारा हा नाला केंदाळ आणि गाळाने तुंबतो, पावसाळ्यात पाणी पात्र सोडतं आणि लावणी झालेल्या भातात शिरतं. नाला साफ करा ही शेतकऱ्यांची मागणी रास्तच आहे. पण जलपर्णीच्या झुपकेदार मुळांत वाहता गाळ अडकतो, तळ वर येतो, पाणी मंदावतं आणि मंद पाण्यात ती आणखी फोफावते. नुसती हिरवी गादी ओढून काढली तर उथळ, गाळाचा, सांडपाण्याचा नाला तसाच उरतो. गाळ काढून काठावरच ढीग मारले तर पहिल्या मोठ्या पावसात तो परत पात्रात.

सांडपाणी प्रकल्प झाला की प्रश्न मिटेल, असंही नाही. नेहमीच्या पद्धतीचा प्रकल्प पाण्यातली सेंद्रिय घाण, म्हणजे बीओडी, कमी करतो. नत्र-स्फुरद काढायची वेगळी सोय त्यात केलेली नसेल तर बाहेर पडणारं स्वच्छ दिसणारं पाणी जलपर्णीसाठी उत्तम खतपाणी असतं. बेळगावजवळच्या हलग्याच्या सांडपाणी प्रकल्पाबद्दल, त्यासाठी घेतलेल्या जमिनीच्या अंगाने, पुष्कळ बोललं गेलं. प्रक्रियेनंतर त्या पाण्यात नत्र आणि स्फुरद किती उरणार आणि ते पाणी जाणार कुठे, हे दोन प्रश्नही तितक्याच जोराने विचारायला हवेत. शेताला गेलं तर खत वाचेल. तलावात किंवा नाल्यात सोडलं तर केंदाळाचं टेंडर कायमचं.

मग औषध मारा, असं सुचवणारे भेटतात. फवारणीने गादी दोन-तीन आठवड्यांत तपकिरी पडते आणि बुडते. बुडालेली वनस्पती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते, मासे मरतात, आणि शोषलेलं सगळं नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात येतं. गुरं उतरतात, कपडे धुतले जातात, विसर्जन होतं अशा पाण्यात हा मार्ग नकोच. गवत्या मासा सोडा, हाही सल्ला वरवरचा. तो पाण्याखालच्या मऊ वनस्पती आवडीने खातो, केंदाळाच्या वाटेला फारसा जात नाही.

खरा उपयोगी जीव दुसराच आहे आणि त्याचा अनुभव आपल्याच राज्यात आहे. निओकेटिना या प्रजातीतल्या दोन जातींचे भुंगे, मूळचे दक्षिण अमेरिकेतले, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला परीक्षण करून भारतात आणले गेले आणि १९८३-८४ मध्ये बंगळूरच्या तलावांत सोडले गेले. काही तलावांत दोन-चार वर्षांत जलपर्णी लक्षणीय घटली. भुंगा चार-पाच मिलिमीटरचा, करडा-तपकिरी, दिवसा देठाच्या बेचक्यात लपलेला. प्रौढ भुंगा पानाची वरची साल खरवडतो. पानावर नखाच्या टोकाएवढे फिकट चौकोनी डाग दिसले तर तो आहे असं समजावं. अळी देठ आतून पोखरत खाली रोपाच्या बुडख्यापर्यंत जाते आणि कोश पाण्याखालच्या मुळांवर करते. रोप खुरटतं, फुलं कमी येतात, गादी हळूहळू पाणी पिऊन बुडते.

पण हा भुंगा नेमका आपल्या कारभारामुळे हरतो. त्याला उभी जलपर्णी लागते. यंत्राने सगळी गादी काठावर काढली की भुंगे, अळ्या, कोश तिच्यासकट ट्रकमध्ये जातात, आणि मागे राहिलेली बिनभुंग्याची रोपं मोकाट वाढतात. पाण्यात सांडपाणी जास्त असेल तर झाड भुंग्याच्या खाण्यापेक्षा भराभर नवी पानं काढतं. पुराने गादी वाहून गेली तरी तो जातो. म्हणून वाहत्या नाल्यात आणि शहरातल्या छोट्या तलावांत त्याच्यावर भिस्त ठेवू नये. खेड्यापाड्यांतली मोठी तळी, जिथे सांडपाणी कमी आणि वर्षभर पाणी टिकतं, ती त्याची जागा. तिथे काढणी करताना एका कोपऱ्यात बांबू आणि जाळीच्या कुंपणात दहावा हिस्सा केंदाळ राखून ठेवावं, ते फुलावर आलं की फुलं खुडावीत, आणि भुंगे वाढले की त्यातली रोपं दुसरीकडे न्यावीत.

हाताने-यंत्राने काढायचंच असेल तिथे क्रम चुकवू नये. सांडपाण्याचं तोंड आधी बंद करावं किंवा बाजूने वळवावं. मग तरंगत्या बांबूंना जाळी बांधून गादी एका बाजूला कोंडावी. जाळी पाण्याखाली दीड-दोन फूट तरी उतरलेली हवी, नाहीतर सुटी रोपं खालून निसटतात. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे काढणीचा धक्का करावा, म्हणजे गादी आपणहून येत राहते. यंत्र मध्यावर, दाताळी घेतलेली माणसं काठावर, आणि मागून एक नाव फक्त सुटे तुकडे टिपण्यासाठी. काढलेलं केंदाळ बांधावर टाकू नये. उतार तलावाकडे नसेल अशा जागी ते वाळवावं, मग शेणाबरोबर थर देऊन खड्ड्यात कुजवावं; ढीग आतून हाताला सोसणार नाही इतका तापला पाहिजे, तरच बी मरतं. उद्यमबागसारख्या कारखानी भागाचं पाणी येतं तिथलं केंदाळ खतासाठी वापरण्याआधी जड धातूंची तपासणी करावी, कारण जलपर्णी ते शोषून मुळांत साठवते.

ती पाणी शुद्ध करते म्हणून राहू द्या, असं म्हणणारे यातलं अर्धंच सांगतात. शोषलेल्यासकट तिला पाण्याबाहेर काढलं तर शुद्धी. काढणी झाली नाही तर ती कुजते आणि घेतलेलं सगळं परत करते.

आता नदीचं. पंचगंगेत इचलकरंजीच्या खाली केंदाळ माजतं, तेरवाडच्या बंधाऱ्याशी साचतं, नरसोबावाडीला कृष्णेत येतं आणि राजापूर बंधारा ओलांडून चिकोडी तालुक्यात. पुढे रायबाग, अथणी करत हिप्परगीपर्यंत. वाटेत दूधगंगा मिळते, तिच्यात वेदगंगेचं आलेलं असतंच. नदीकाठच्या शेतकऱ्याला ते भेटतं मोटारीच्या फुटव्हॉल्व्हच्या जाळीत, आणि पुराच्या पाण्यात कल्लोळ-यडूरच्या पुलाशी. वरच्यांनी सोडलं, आम्ही भोगतो, ही तक्रार सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे; कारण कुणाच्या ना कुणाच्या वर कुणीतरी असतंच.

कोल्हापुरी पद्धतीचा प्रत्येक बंधारा हा केंदाळाचा तयार सापळा आहे, ही गोष्ट मात्र वापरली जात नाही. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की पाणी संथ होतं आणि गादी बंधाऱ्याला येऊन टेकते. उन्हाळ्याच्या अखेरीला बरगे काढायच्या आधी पंधरा दिवस ती तिथेच क्रेनने उचलता येते. काठावर पोचायला रस्ताही असतो. त्याऐवजी बरगे निघतात आणि सगळी गादी पुढच्या गावाची होते. महापुराच्या वेळी धरणांच्या विसर्गाची आणि अलमट्टीच्या पातळीची माहिती दोन्ही राज्यांची पाटबंधारे खाती एकमेकांना देतात. त्याच वाटेने बरगे काढण्याची तारीख आणि त्याआधी केंदाळ उचलल्याची खात्री कळवायला कुठला आयोग लागत नाही, सीमाप्रश्न सुटायचीही वाट पाहायला नको. शिरोळ आणि चिकोडीच्या दोन अभियंत्यांचं हे काम आहे.

केंदाळापासून टोपल्या, बायोगॅस, कागद करण्याच्या योजना अधूनमधून येतात. बचत गटाला चार पैसे मिळत असतील तर ठीक. पण तो उपाय म्हणून विकू नये. टोपलीला लांब, जाड, निरोगी देठ लागतात, म्हणजे माजलेली जलपर्णी लागते. धंदा चालायचा तर ती दरवर्षी हवी. न्यूझीलंडने उंडारियाच्या बाबतीत ही अडचण ओळखली. २०१० नंतर तिथे आधीच पुरत्या व्यापलेल्या ठरावीक भागांत त्याच्या शेतीला आणि शिंपल्यांच्या दोरांसारख्या कृत्रिम पृष्ठभागांवरून काढणीला परवानगी मिळाली, पण नैसर्गिक खडकांवरून काढायचं तर नियंत्रण मोहिमेचा भाग म्हणूनच. वापराला जागा दिली, पण लागणीला निमित्त होऊ दिलं नाही. आपल्याकडे उलट, रोपवाटिकांत आणि लग्नाच्या सजावटीत जलपर्णीची निळी फुलं अजून कुंडीत मांडली जातात आणि नंतर कुंडी जवळच्या तळ्यात रिकामी होते.

कर्नाटकाने २०१४ साली तलाव संवर्धन आणि विकास प्राधिकरणाचा कायदा केला. कायदा आहे, प्राधिकरण आहे. निविदेतल्या अटी बदलायला आणखी काही नको. एकूण रकमेपैकी चाळीस टक्के तलाव मोकळा झाल्यावर, तीस टक्के तीन महिन्यांनी, आणि शेवटचे तीस टक्के पुढचा पावसाळा उलटल्यावर डिसेंबरात, तेही झाकलेलं क्षेत्र एक टक्क्याच्या आत असेल तरच. मोजणी फुकट होते: युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं दर पाच दिवसांनी कुणालाही मिळतात आणि त्यांतला एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठ्याचा असतो. दहा एकरांच्या तलावात चारशे ठिपके. हिरवे किती, निळे किती, शाळेतलं पोरही मोजेल. एक टक्का म्हणजे चार ठिपके. पावसाळ्यात ढगांमुळे चित्र मिळत नाही, तेव्हा काठावर चार खुंट रोवून दर पंधरवड्याला त्याच चार जागांवरून मोबाइलने फोटो काढावेत.

देखरेखीचं काम ठेकेदाराला देऊ नये. तलाव मासेमारीसाठी भाडेपट्ट्यावर घेतलेल्या भोई-कोळी सोसायट्यांकडे नाव आहे, जाळं आहे आणि रोज पाण्यावर जाणं आहे. केंदाळाने नुकसानही त्यांचंच होतं. पहिले तीन महिने दर दहा-पंधरा दिवसांनी, नंतर दोन वर्षं महिन्यातून एकदा फेरी, आणि वळवानंतर चिखलातली रोपं खुरपणं, यासाठी महिन्याची ठरावीक रक्कम त्यांना द्यावी किंवा भाडेपट्ट्यात सूट द्यावी. अडचण एकच आहे आणि ती हिशेबनीसाची आहे. पालिकेचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, उरलेला निधी परत जातो, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये यंत्रं लागतात, बिलं निघतात आणि एप्रिलमध्ये चिखल उघडा पडतो तेव्हा खात्यात त्या नावाने पैसा नसतो. देखरेखीची रक्कम पहिल्याच वर्षी बाजूला काढून तीन वर्षांच्या मुदतीने वेगळ्या खात्यात ठेवली, तर एप्रिल-मेची खुरपणी कुणाच्या मंजुरीसाठी अडणार नाही.